घराला एक किट, आणि त्यात ती कुठंय?

२०१९ च्या ऑगस्टमधे सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा माझ्या आत्याच्या गावातपण पाणी शिरलं. गावाकडं करतात तसं आधी जनावरं सोडली, मग धान्याची पोती माळ्यावर चढवली, म्हाताऱ्या माणसांना ट्रॅक्टरमधे बसवलं, आणि माझी आत्तेबहीण, तेव्हा २४ वर्षांची, दोन्ही पायांनी अपंग, तिला तिच्या भावानं, दादानं, सगळ्यात शेवटी पाठीवर घेऊन बाहेर काढलं. कुणी वाईट वागलं असं मला अजिबात म्हणायचं नाहीये, दादा कमरेएवढ्या पाण्यातून तिला घेऊन चालत गेला आणि त्याचं मला अजून कौतुक आहे. पण तिची व्हीलचेअर मागं राहिली, शिलाई मशीन मागं राहिलं, मशीनला बसवलेली मोटर मागं राहिली. पायानं मशीन चालवता येत नाही म्हणून ती मोटरचं पेडल टेबलावर ठेवून कोपरानं दाबते, त्यावर ती ब्लाऊज शिवते आणि फॉल-पिको करते, महिन्याला बरं मिळतं. तर ते सगळं पाण्यात, आणि ती एका शाळेच्या वर्गात सतरंजीवर.

त्या शाळेत ती सहा दिवस होती. नंतर मला म्हणाली, ताई मी पहिले तीन दिवस पाणीच नाही प्यायले, दोन घोट घ्यायचे आणि बास. का तर संडास मैदानाच्या पलीकडं, मधे चिखल, आणि प्रत्येक वेळी कुणालातरी उचलून न्या म्हणायचं, त्यातून पाळी आलेली. जेवायलापण नको म्हणायची. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असेल की अन्न होतं, भात-आमटीची पातेली येत होती, बिस्किटाचे पुडे येत होते, म्हणजे सगळं व्यवस्थित चाललंय. तिथं भूक अन्न नसल्यामुळं नव्हती, त्यामुळं ती कुणाच्या मोजमापात येणारच नाही.

मग किट आली, घराला एक. तांदूळ, गहू, तेल, साखर, मेणबत्त्या, एक साडी, एक चादर. ट्रक चौकात थांबायचा आणि ज्याचे हात पुढं त्याला मिळायचं, पुढं पुढं यादी झाली तर तीपण रेशनकार्डावरून. तिचं नाव घरच्या कार्डावर चौथं की पाचवं. साडी वहिनीला मिळाली, साहजिक आहे, एकच साडी होती. सरकारी पंचनामा झाला तो घराचा झाला, घर किती पडलं, किती दिवस पाण्यात होतं, कपडे-भांडी गेली का, जनावर गेलं का. शिलाई मशीन कुठल्या रकान्यात घालायचं तेच कळेना. हातमाग-हस्तकलेच्या नोंदणी असलेल्या कारागिराला आपत्तीच्या निकषांमधे अवजारांचे थोडे पैसे असतात, पण घरात बसून ब्लाऊज शिवणारी मुलगी कुठं नोंदलेली असते? तिचा धंदा गेला हे कुठल्याच कागदावर आलं नाही, कारण तिचा धंदा आहे हेच मुळात कुठल्या कागदावर नव्हतं.

मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे की आपल्याकडं संकटात मदत पोचते ती कुटुंबाला पोचते, आणि कुटुंबाच्या आत ती कुणाच्या ताटात किती पडते हा प्रश्न सरकार, संस्था, आपण देणगी देणारे लोक, कुणीच विचारत नाही. बाकीच्यांचं त्यात निभावून जातं. अपंग तरुण मुलीचं जात नाही, कारण रेशन दुसऱ्याच्या कार्डावर, पेन्शन दुसऱ्याच्या हातातल्या एटीएम कार्डात, रोजगार हमीचं जॉबकार्ड कुटुंबाचं, बचत गटात नाव नाही, जमीन नाही, आणि लग्न झालेलं नसेल तर गावाच्या हिशोबात ती कायमची कुणाची तरी मुलगी किंवा कुणाची तरी बहीण. सुकाळात हे चालून जातं हो. संकटात घरातला पैसा आटला की पहिली कात्री कशाला लागते ते बघा.

(मी अपंग शब्द लिहितेय कारण ती स्वतः तोच वापरते, सरकारी दिव्यांग शब्दाबद्दल तिला राग नाही पण आपला वाटत नाही म्हणते.)

आता कायद्याचं बघू, कारण लोकांना वाटतं की कायदाच नाहीये. आहे, आणि चांगला आहे. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, एप्रिल २०१७ पासून लागू, २१ प्रकारचं अपंगत्व त्यात धरलंय. त्याचं कलम ८ खास आपत्तीवर आहे. त्यात स्वच्छ म्हटलंय की जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं जिल्ह्यातल्या अपंग व्यक्तींची नोंद ठेवायची आणि धोका येतोय हे त्यांना कळवण्याची सोय करायची. म्हणजे यादी असायला पाहिजे. गावात भोंगा फिरवला, पाणी वाढतंय बाहेर पडा, तर कर्णबधिर मुलीला ते कळणार कसं, हे आधीच ठरलेलं पाहिजे. सप्टेंबर २०१९ मधे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं अपंगांना धरून आपत्ती नियोजन कसं करायचं त्याच्या मार्गदर्शक सूचनापण काढल्या, योगायोग असा की आमच्याकडचा पूर ओसरून महिनाच झाला होता. पण त्याच्या आधीचा जो मूळ २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा, त्याच्या कलम ६१ मधे मदत देताना भेदभाव करायचा नाही म्हणताना लिंग, जात, समुदाय, वंश, धर्म असं सगळं लिहिलं आणि अपंगत्व राहून गेलं. मला हे फार बोलकं वाटतं, लिहिणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसणार, डोळ्यापुढं ते माणूस आलंच नाही एवढंच.

पूर आला आणि गेला, पण लॉकडाऊननं जे केलं ते त्याहून खोल होतं. दादानं उधारीवर मशीन दुरुस्त करून दिलं, नवीन मोटर घातली, दिवाळीचे ब्लाऊज मिळाले, जानेवारीपासून लग्नाची कामं यायला लागली. गावात ब्लाऊज शिवणारीचं वर्ष दोनच हंगामांवर असतं, दिवाळी आणि लग्नसराई. २०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता, आणि त्याच दिवसापासून देश बंद. एप्रिल-मे ची सगळी लग्नं पुढं गेली नाहीतर २०-५० माणसांत उरकली, नवीन साड्याच नाहीत तर ब्लाऊज कुठले, ज्यांनी आधी टाकलेले त्यांनी शिलाई नंतर देतो सांगितलं. मशीनचं उसनं डोक्यावर, आणि दादाचा टेम्पोपण घरात उभा.

तेव्हा तिला संजय गांधी निराधार योजनेतून महिन्याला १००० रुपये होते, ६०० वरून नुकतेच वाढलेले. दिवसाला ३३ रुपये. ते काढायला बँक तालुक्याला, एसटी बंद. एसटीत अपंगांना ७५ टक्के सवलत आहे, पण गाडीच नाही तर सवलत कशावर मिळणार, आणि मोटरसायकलवर तिला नेताना पोलिसांनी अडवलं तर काय ही भीती, मग दादा एकटा जायचा तिचं कार्ड घेऊन. पैसे घरात यायचे, घरात खर्च व्हायचे, तिला विचारलं तर म्हणते बरोबरच आहे की, घरात खायला लागतंच. पण मे महिन्यात तिला लघवीच्या इन्फेक्शनचा त्रास झाला, औषध पाहिजे होतं आणि तिनं पाच दिवस सांगितलंच नाही, कारण पैसे मागायचे म्हणजे तिचेच पैसे दुसऱ्याकडं मागायचे आणि तेपण अशा वेळी जेव्हा वहिनी स्वतः पोरांना दुधाच्या जागी कोरा चहा देत होती.

केंद्रानं २६ मार्चला पॅकेज जाहीर केलं, त्यात वृद्ध, विधवा, अपंग पेन्शनधारकांना १००० रुपये जादा, तेपण दोन हप्त्यात, तीन महिन्यांसाठी. दिवसाला ११ रुपये होतात, बरं ते कुणाला, तर केंद्राच्या अपंग पेन्शन योजनेत असलेल्यांना. त्या योजनेला ८० टक्के अपंगत्व लागतं आणि दारिद्र्यरेषेखालचं घर लागतं, आणि केंद्राचा त्यातला वाटा २०१२ पासून महिन्याला ३०० रुपये आहे. देशात २०११ च्या जनगणनेप्रमाणं २ कोटी ६८ लाख अपंग माणसं, त्यातल्या बायका १ कोटी १८ लाख, आणि ही केंद्राची पेन्शन मिळणारे स्त्री-पुरुष मिळून साधारण दहा लाख. महाराष्ट्रात त्याच जनगणनेत २९ लाख ६३ हजार होते, आताचे किती ते २०२७ ची जनगणना झाल्यावर कळेल, तोपर्यंत आपण सोळा वर्षांपूर्वीच्या आकड्यावर किट वाटणार.

त्याच आकड्यांमधलं अजून एक सांगते. काम करणाऱ्या अपंग पुरुषांचं प्रमाण ४७ टक्के आणि बायकांचं २३ टक्के. साक्षरता पुरुषांची ६२, बायकांची ४५. म्हणजे अपंग असणं एक आणि बाई असणं दुसरं, असं नुसतं बेरजेचं नाहीये हे. अपंग मुलाला घरचे टपरी टाकून देतात, झेरॉक्सचं मशीन घेऊन देतात, त्याचं लग्न व्हायचं असतं ना. मुलीला म्हणतात तू कशाला दगदग करतेस, आम्ही आहोत की. ह्या ‘आम्ही आहोत की’ मधे माया आहे हे मला मान्य आहे, पण त्यातच तिचं कमावणं थांबतं, आणि जी कमावत नाही तिला आजारपणात, दुष्काळात, पुरात काही मागायला तोंड राहत नाही.

शहरातलंपण तेच. मुंबईच्या लोकलमधे अपंगांच्या डब्यात, लेडीज डब्यात अंध बायका-मुली कानातले, टिकल्या, लिंबू-गोळ्या विकायच्या, २२ मार्च २०२० च्या रात्री लोकल बंद झाली ती सगळ्यांसाठी परत सुरू व्हायला १ फेब्रुवारी २०२१ उजाडलं, तेपण ठराविक वेळांत. दहा महिने. ज्यांचं दुकानच ट्रेन होतं त्यांना दुकानभाड्यात सूट, कर्जाला मुदत, यातलं काय मिळणार होतं? आणि त्यात कुणाला हात लावण्याची भीती, अंध मुलगी सगळं हातानंच बघते, दुसऱ्याचा दंड धरून रस्ता ओलांडते, लोक दोन पावलं मागं सरकायला लागले. कर्णबधिर मुलींना मास्कनं अडवलं, ओठच दिसेनात, दुकानात काऊंटरवर काय विचारतायत कळेना, ज्या कुठं हेल्पर म्हणून लागलेल्या त्यांना आधी घरी बसवलं. निवासी विशेष शाळा बंद झाल्या, मुली घरी आल्या, म्हणजे दोन वेळचं ठरलेलं जेवण सुटलं. आणि अठरा पूर्ण झालेल्या मुलीला तर शाळा उघडल्यावरपण परत जायची जागा नव्हती. अठराच्या पुढं आपल्याकडं एकदम रिकामं आहे. लहान असताना अंगणवाडी, शाळा, वसतिगृह, काहीतरी असतं, म्हातारपणी श्रावणबाळची पेन्शन असते, मधली सगळी वर्षं जेव्हा माणूस खरं उभं राहतं तेव्हा एक पेन्शन आणि ‘आम्ही आहोत की’.

रेशनचं नीट समजून घ्या, कारण पोटाचा प्रश्न शेवटी तिथंच येतो. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदयला कार्डामागं ३५ किलो. अंत्योदयच्या निकषांमधे ज्या घराचा प्रमुख अपंग आहे आणि उत्पन्नाची खात्री नाही ते घर बसतं. आता प्रमुख. कायद्यानं घरातली १८ वर्षांवरची सगळ्यात मोठी बाई कार्डाची प्रमुख, हे खूप चांगलं कलम आहे, पण त्यानं प्रमुख झाली आत्या, नंतर होईल वहिनी. माझी बहीण त्या घरात प्रमुख व्हायची वेळ कधी येणार, तर सगळे गेल्यावर. म्हणजे अपंगासाठी म्हणून केलेली सोय तिच्यापर्यंत तेव्हा येणार जेव्हा ती पूर्ण एकटी पडलेली असेल. लॉकडाऊनमधे फुकटचे माणशी ५ किलो आले, त्यात तिचे पाच धरलेले होते हे मी प्रामाणिकपणे सांगते, घराला त्याचा आधार झाला. पण कित्येक घरात अपंग मुलीचं नाव कार्डावर चढवलेलंच नसतं, आधार काढलेलं नसतं, बोटांचे ठसे येत नाहीत म्हणून परत पाठवलेलं असतं, मग त्या घराला तिचे पाच किलो येत नाहीत आणि ती बाकीच्यांच्या वाट्यातलं खाते. असं खाणं कसं असतं ते तिला विचारा.

हे सरकारलाही माहिती होतं. लॉकडाऊन लागून पाच महिने झाल्यावर, ऑगस्ट २०२० मधे, केंद्राच्या अन्न खात्यानं राज्यांना लिहिलं की पात्र अपंगांना अन्न सुरक्षा कायद्यात घ्या, आणि ज्यांच्याकडं रेशनकार्डच नाही त्यांना आत्मनिर्भर पॅकेजमधलं धान्य द्या. ते पॅकेज ३१ ऑगस्टला संपणार होतं. पत्राला आणि शेवटच्या तारखेला मधे आठवडाभर. आठवड्यात तहसीलदार कार्यालयानं गावोगाव कार्ड नसलेल्या अपंग बायका शोधायच्या, ज्यांची यादी नाही, ज्या घराबाहेर येत नाहीत, तेपण कोरोनात. यादी आधीच असती तर हे एका दिवसाचं काम होतं. म्हणून मी कलम ८ च्या यादीवर इतकी अडून बसलेय.

पेन्शनचं आता बरं झालंय, तेपण सांगायला पाहिजे. २०२३ मधे १५०० झाले, आणि ऑक्टोबर २०२५ पासून अपंगांना २५००. त्याच्याआधी अपंगांची किती आंदोलनं झाली, जून २०२५ मधे बच्चू कडूंनी गुरुकुंज मोझरीला अन्नत्याग केला त्यातपण ६००० च्या मानधनाची मागणी होती, तेव्हा हे २५०० आपोआप नाही आलेले. पण मधली जी सव्वा वर्षं गेली ती मला विसरता येत नाहीत. जुलै २०२४ ला लाडकी बहीण आली, १५०० रुपये, घरचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखापर्यंत चालेल. आणि नियमात लिहिलेलं की दुसऱ्या सरकारी योजनेतून १५०० किंवा जास्त मिळत असेल तर ही नाही. संजय गांधीचे १५०० च होते, आणि त्याला अपंगांसाठी उत्पन्नाची अट वर्षाला ५० हजार. म्हणजे धडधाकट बाईला अडीच लाखाच्या घरात १५००, आणि अपंग बाईला पन्नास हजाराच्या घरात तेवढेच १५००. २०१६ च्या त्या कायद्यात कलम २४ म्हणतं की सामाजिक सुरक्षेच्या योजनेत अपंगांना इतरांपेक्षा किमान २५ टक्के जास्त द्यायचं. फेब्रुवारी २०२५ मधे सरकारनं जाहीर केलं की लाडकी बहीणमधून ५ लाख बायका कमी केल्या, त्यात २ लाख ३० हजार संजय गांधी निराधारच्या होत्या. त्यात अपंग किती, विधवा किती, परित्यक्ता किती ते वेगळं सांगितलं नाही. त्या बायकांनी चूक केली असं टीव्हीवर ज्या सुरात सांगत होते ते ऐकून मला फार वाईट वाटलं, कारण ज्या बाईला दिवसाला ५० रुपये मिळतात तिनं अजून एक फॉर्म भरून बघितला तर त्यात लबाडी काय आहे.

मग त्याच लाडकी बहीणची ई-केवायसी आली, त्यात बाईला नवऱ्याचं नाहीतर वडिलांचं आधार लागणार. परत तेच! ती आहे हे सिद्ध करायला दुसरं कुणीतरी पाहिजे. एप्रिल २०२५ मधे सुप्रीम कोर्टानं ॲसिड हल्ल्यातल्या आणि अंध लोकांच्या केसमधे सांगितलं की केवायसी त्यांना जमेल अशी करा, डिजिटल सोयी वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. निकाल फार मोठा आहे, पण आमच्या तालुक्याच्या सेतू केंद्रात अजून कॅमेऱ्यापुढं डोळे मिचकावा म्हणतात, आणि ज्या मुलीला ते जमत नाही ती उद्या या सांगितल्यावर परत जाते, रिक्षाचे दोनशे रुपये देऊन.

कामधंद्याचं. २०२० च्या मे-जूनमधे बचत गटांना मास्क शिवायची ऑर्डर आली, गावोगाव बायकांनी लाखांनी मास्क शिवले आणि संकटात बाईच्या हातात पैसा आला त्याचं ते चांगलं उदाहरण म्हणून सगळीकडं सांगतात. माझ्या बहिणीच्या घरापासून चार घरं सोडून गट होता. ती त्यात नव्हती. का नव्हती, तर महिन्याची बैठक समाजमंदिरात वरच्या मजल्यावर, आणि त्याच्या दोन-तीन वर्षं आधी विचारलं तेव्हा कुणीतरी म्हटलेलं की तिच्या कर्जाची परतफेड कोण करणार. गावातली सगळ्यात सफाईदार शिलाई जिची, तिला मास्कचं काम सुरुवातीला मिळालंच नाही. पुढं गटातल्याच एका काकूंनी कापडाचा गठ्ठा आणून दिला, नगावर, आणि त्यावर तिनं मोटरचं उसनं फेडलं, त्या काकूंचे उपकार ती अजून मानते. पण मला राग येतो तो याचा की उमेदच्या, म्हणजे सरकारच्या बचत गटांच्या अभियानात नियम आहे, अपंगांचा गट पाच जणांचासुद्धा होतो, दहा लागत नाहीत, आणि हे आमच्या गावात तोपर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं. २०१६ च्या कायद्याचं कलम ३७ तर गरिबी निर्मूलनाच्या सगळ्या योजनांमधे ५ टक्के अपंगांना म्हणतं आणि त्यात बायकांना प्राधान्य. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के अपंगांवर खर्च करायचे असतात. ते बहुतेक ठिकाणी वर्षाच्या शेवटी ५००-१००० रुपये किंवा एखादी वस्तू वाटून संपवतात, मार्च एंडला, फोटो काढून. त्याच पैशातून गटाच्या बैठकीची जागा खाली आणता आली असती, एक रॅम्प झाला असता.

आणि साधनांचं काय? केंद्राच्या साहित्य वाटप योजनेत व्हीलचेअर, श्रवणयंत्र घेतलं की त्याच कामासाठी परत तीन वर्षं मिळत नाही. ठीक आहे, एरवी हा नियम समजू शकतो. पण पुरात श्रवणयंत्र वाहून गेलं तर? पंचनाम्यात भांड्यांना जागा आहे, श्रवणयंत्राला नाही. जिचं काम त्या यंत्रावर किंवा त्या खुर्चीवर चालतं तिची ती बैलजोडीच आहे. सप्टेंबर २०२५ ला मराठवाड्यात आणि सोलापूरकडं सीना नदीला जे पाणी आलं त्यात जमीन खरवडून गेली, जनावरं गेली, त्यावर बोललं गेलं आणि बोललंच पाहिजे होतं, ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज आलं, त्याची शेत, विहीर, घर, जनावर, दुकान अशी फोड मी दोन-तीनदा वाचली, मला त्यात कुठं कुबडी, खुर्ची, श्रवणयंत्र हा शब्द दिसला नाही.

लोक मला दोन गोष्टी ऐकवतात. पहिली, संकटात सगळ्यांनाच त्रास झाला, ह्यांचं वेगळं काय. वेगळं हे की बाकीच्यांना त्रासातून बाहेर पडायला जे लागतं, धावणं, रांगेत उभं राहणं, ओरडून मागणं, रात्रीत गाव सोडून कामाला जाणं, ते तिच्याकडं नाही. १९७२ च्या दुष्काळात ह्या महाराष्ट्रानं मागेल त्याला काम दिलं, त्याचा १९७७ मधे कायदा केला, आणि तो अख्ख्या देशानं पुढं उचलला. मला त्याचा अभिमान आहे. पण ते काम खडी फोडायचं आणि माती उपसायचं होतं, जी खडी फोडू शकत नव्हती तिनं त्या वर्षी काय खाल्लं हे आपण कधी लिहून ठेवलं नाही. आत्या सांगते त्यांच्या गावात एक आंधळी बाई होती, दुष्काळात ती दिसेनाशी झाली, माहेरी गेली म्हणाले. कुणी जाऊन बघितलं नाही.

दुसरी गोष्ट जास्त विचार करण्यासारखी आहे. म्हणतात की अपंग मुलीला वेगळं रेशनकार्ड दिलं तर लोक ३५ किलोसाठी कार्डं फोडतील, खोटे दाखले आणतील, आणि घरपण फुटेल. कार्डं फोडली जातात हे खरं आहे, मी नाकारत नाही. पण मी सरसकट मागत नाहीये. अठरा वर्षांपुढची, यूडीआयडी म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र असलेली, ४० टक्क्यांच्या वर अपंगत्व असलेली, स्वतः अर्ज करणारी बाई, इतकंच. ३५ किलो जमत नसेल, अंत्योदयचा कोटा केंद्रानं बांधलाय हे माहितीये मला, तर निदान तिचे ५ किलो तिच्या नावावर वेगळे निघू देत, आणि तिच्या जागी आणायला कोण जाईल ते नाव तिनं सांगावं, आज भाऊ सांगितला, उद्या शेजारची मैत्रीण सांगितली तर बदलता यावं. आणि घर फुटायचं म्हणाल तर ज्या घरात माया आहे ते घर एका कार्डानं फुटत नाही, वहिनीलाच विचारलं मी, ती म्हणाली बरंच होईल की, माझ्यावर कुणी बोट दाखवणार नाही. ज्या घरात माया नाही तिथं त्या मुलीला हे कार्डच लागणार आहे.

पैशाचंपण तसंच. संकट जाहीर झालं की दुसऱ्या दिवशी पुढच्या तीन महिन्यांची पेन्शन एकदम खात्यात टाका, हे एका आदेशाचं काम आहे, पैसे तसेही द्यायचेच असतात. आणि ते पोस्टमननं घरी आणून तिच्या हातात द्यावेत, पोस्टाच्या बँकेचं ते मशीन पोस्टमनकडं असतं, लॉकडाऊनमधे कित्येक ठिकाणी पोस्टमननी घरोघर पैसे पोचवलेसुद्धा. पंचनाम्याच्या फॉर्ममधे दोन रकाने वाढवा, घरात अपंग व्यक्ती आहे का आणि तिचं साधन किंवा कामाचं मशीन गेलं का. किट देताना घरात अशी बाई असेल तर तिच्या नावाचं वेगळं पाकीट, त्यात पॅड, ओआरएस, आणि जिला गिळायला त्रास आहे तिच्यासाठी मऊ काहीतरी, रवा-नाचणीचं पीठ. निवारा म्हणून जी शाळा ठरलीये तिथं एक संडास कमोडचा, दाराला धरायला दांडी, आणि तिथपर्यंत सपाट फरशी. हे पूर येण्याआधी करायचं असतं. पाणी पुलाला लागल्यावर मिस्त्री मिळत नाही.

ह्या सगळ्याच्या मुळाशी ती यादी. १ मे ला ग्रामसभा असते, पावसाळ्याच्या तोंडावर, तिथं एकच प्रश्न लेखी द्यायचा की कलम ८ प्रमाणं आपल्या गावातल्या अपंग व्यक्तींची नोंद आपत्तीसाठी झालीये का, त्यात बायका कोण, त्यांना इशारा कोण देणार, उचलून कोण नेणार, रेशन कुणाच्या कार्डावर. अर्ज मी टाईप करून दिलाय, खाली सही तिची. ती स्वतः वाचणार म्हणतेय. ग्रामपंचायतीला सात पायऱ्या आहेत, खुर्ची वर न्यायला दोघं लागतील, दादाला आणि शेजारच्या पोराला सांगून ठेवलंय, पण तिचं म्हणणं आहे की तिला वर न्यायचंच नाही, सभाच खाली पारावर घ्या, आणि अर्जात ती ओळ तिनं माझ्याकडून पहिल्या नंबरला टाकून घेतलीये.